कासव, मी आणि माझा शेतकरी

'लेजंड ऑफ ग्रिमरॉक' या संगणकावरच्या खेळाचा पहिला भाग २०१२ साली आला, तेव्हापासून भिंत दिसली की ती चाचपून बघायची खोड मला लागली आहे. चार कैदी, एक डोंगर, त्याच्या पोटात मजल्याखाली मजले आणि कुठल्यातरी दगडात लपवलेलं नखाएवढं बटण. ते सापडलं की खर्रर्र करत भिंत सरकायची, आणि मी जग जिंकल्यासारखा खुर्चीत मागे रेलायचो.

दुसरा भाग २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आला. मी तो सुरू केला गेल्या आठवड्यात. घाई करणं माझ्या स्वभावात नाही.

या वेळी भुयार नाही, चक्क बेट आहे. नेक्स त्याचं नाव. जहाज फुटतं, चार कैदी किनाऱ्यावर येऊन पडतात आणि डोक्यावर मोकळं आकाश! मी भारावून चारी बाजूंनी वळून पाहिलं. म्हणजे चार वेळा काटकोनात वळलो. कारण आकाश मोकळं असलं तरी पाय अजून चौकोनातच पडतात. अटारी संगणकावरच्या १९८७ च्या 'डंजन मास्टर' या खेळापासूनची ही रीत, आणि हा खेळ बनवणाऱ्या फिनलंडच्या मंडळींनी ती निष्ठेने जपली आहे. एक पाऊल म्हणजे एक चौकोन, एक वळण म्हणजे नव्वद अंश. तिरकं जायचा विचारसुद्धा करायचा नाही.

चमू निवडताना मी फार विचार केला. पुढे दांडगट मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा माणूस, शेजारी सरडामाणूस, मागे जादूगार. चौथ्या जागेसाठी यादी चाळताना 'शेतकरी' दिसला. खेळात अनुभव साठला की वीराची पातळी वाढते; पण याला राक्षस मारून अनुभव मिळत नाही, खाऊन मिळतो. मी पुन्हा वाचलं. खाऊन! असा माणूस आपल्या ओळखीत असावा, म्हणून घेतला.

पहिला शत्रू कोण? कासव. मी हसलो. कासवाने मिनोटॉरचा लचका तोडला. मग मी हसणं थांबवलं.

आता या खेळातल्या लढाईची एक युक्ती सगळ्या जुन्या खेळाडूंना पाठ असते: एक वार करायचा, बाजूच्या चौकोनात सरकायचं, शत्रू वळेपर्यंत दुसरा वार करायचा, पुन्हा सरकायचं. त्याच्याभोवती नुसता फेर धरायचा. पहिल्या भागात मला हे झोपेतही जमायचं, असं मी इतरांना सांगत आलोय. इथे मी उजवीकडे सरकायच्या ऐवजी उजवीकडे वळलो. समोर सुंदर समुद्र, डाव्या कुशीला कासव. घाबरून डावीकडे वळलो, ते दोनदा. आता कासव दुसऱ्या कुशीला आणि समोर झाड. जादूगाराकडून आगीचा मंत्र टाकावा म्हटलं, तर चिन्हांची चौकट उघडून बोट नेमकं ठेवेपर्यंत वेळ कुणासाठी थांबत नाही. मी काढलेलं चिन्ह कुठलंच नव्हतं. मंत्र फुस्स. शेवटी समुद्रात उडी मारली. पाण्याखाली काय देखणं दृश्य! ते बघत बसलो आणि चौघांचाही श्वास संपत आला.

तिसऱ्या खेपेला कासव मेलं. त्याचं मांस मिळालं. मिनोटॉर अर्धमेला, सरडामाणूस जखमी, जादूगार स्वतःवरच नाराज. मांस शेतकऱ्याने खाल्लं.

पुढे जंगल. इथे निदान मोकळं फिरावं की नाही? पण मी एकेका झाडाच्या खोडाशी, दगडाशी, पडक्या भिंतीशी नाक लावून उभा. एका बंद दारापुढे पाऊण तास घालवला. जमिनीवर दाबपट्टी होती. तिच्यावर उभा राहिलो, दार उघडलं. पुढे गेलो, दार बंद झालं. असं अकरा वेळा. पट्टीवर काहीतरी ठेवून पुढे जायचं असतं हे मी पहिल्या भागात शेकडो वेळा केलंय, आणि माझ्या पिशवीत त्या घडीला सात दगड होते. ते मी कासवासाठी जपून ठेवले होते.

या बेटाचा कुणी मालक आहे. तो अधूनमधून चिठ्ठ्या ठेवतो. त्यांतला सूर असा, की पाऊण तास तो कुठूनतरी बघत बसला असावा.

सहा तासांनंतरचा हिशोब असा: बहुतेक लढायांतून मी पळून आलो, त्यामुळे तीन वीरांचा अनुभव अजून बाळबोधच आहे. शेतकरी मात्र काल रात्री पुढच्या पातळीवर पोचला. कासवाचं मांस खाता खाता.