जखमी होण्याआधी कॅलेंडर पाहा

अमेरिकेच्या सैन्यात जाणार असाल तर बंदूक चालवायला शिकाल तेव्हा शिकाल, आधी जखमी व्हायचा मुहूर्त काढून ठेवा. सेवेची २० वर्षं पूर्ण झाल्यानंतरचा कुठलाही दिवस शुभ. त्याआधी सुरुंगावर पाय ठेवणं म्हणजे शुद्ध आर्थिक बेशिस्त.

कारण असं, की निवृत्तिवेतन देतं संरक्षण खातं आणि अपंगत्वाची भरपाई देतं माजी सैनिकांचं खातं. दोन्ही घेणं म्हणजे एकाच पंगतीत दोनदा पान मांडणं, असं तिथल्या कायद्याला १८९१ पासून वाटत आलंय. म्हणून भरपाईचा जेवढा डॉलर हातात, तेवढा निवृत्तिवेतनातून कापायचा. २००४ मध्ये सरकारला पाझर फुटला, पण तोही मोजून: २० वर्षं सेवा आणि किमान ५० टक्के अपंगत्व असेल, तरच दोन्ही घ्या. तेही पुढच्या दहा वर्षांत, हप्त्याहप्त्यानं. पाय मात्र एकरकमी जातो.

चौथ्याच वर्षी जखमी होऊन घरी आलात? घाबरू नका, लढाईतल्या जखमांसाठी वेगळी विशेष भरपाई आहे आणि ती करमुक्त आहे. फक्त तिची धाव तुमच्या हजेरीपटापर्यंतच: सेवेच्या दर वर्षामागे मूळ पगाराचे अडीच टक्के. चार वर्षांचे झाले दहा. दोन्ही पाय गेले तरी फार तर दहाच.

आता जखम कशानं झाली, ते बघू. इथे नियमावली भलतीच रसाळ आहे. युद्धसरावाच्या मैदानावर खेळताना तुम्ही पडलात आणि चिलखती गाडीवर आपटलात, तर दोष खेळाचा, भरपाई नाही. त्याच खेळात गाडी येऊन तुम्हाला धडकली, तर ती युद्धसाधनानं झालेली इजा! तेव्हा तोल जातोयसं वाटलं तर पडू नका, जागेवर उभे राहा आणि गाडीला येऊ द्या. पॅराशूटची उडी चालते. जॉगिंग करताना गुडघा गेला तर नाही चालत. नुसतं युद्धक्षेत्रात होतो म्हणून काही मिळत नाही. इजा लढाईमुळेच झाली, याचा कागद हवा. म्हणून स्फोटाचा धुरळा बसायच्या आत कुणाची तरी सही घेऊन टाका. रक्त काय, नंतरही थांबवता येतं.

हे पैसे आपोआप येत नाहीत; आपल्या दलाकडे अर्ज करावा लागतो. इराकमध्ये मृत सैनिकांचे अवशेष गोळा करणाऱ्या सायमन सोटो या मरीननं २०१६ मध्ये अर्ज केला, तर सहा वर्षांमागची थकबाकी देता येत नाही, असं अधिकारी म्हणाले. २०२५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ते चूक ठरवलं. थोडक्यात, अर्जाला उशीर झाला तरी चालेल, वकील तेवढा वेळेवर गाठा.

लढाईत जखमी होऊन २० वर्षांच्या आत निवृत्त व्हावं लागलेल्यांच्या निवृत्तिवेतनातली ही कपात बंद करायला मेजर रिचर्ड स्टार यांच्या नावाचं एक विधेयक आहे. स्टार २०२१ मध्ये कर्करोगानं गेले. २०२३-२४ च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, प्रतिनिधिगृहातल्या ४३५ पैकी ३०० हून अधिक सदस्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या. अडलं ते खर्चावर. तुम्हीही आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहाच. तो लगेच पाठिंबा देईल. सहीला खर्च येत नाही.