सुरुवात सिबेलिअसपासून करा

व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा ऐकायचं म्हटलं की जाणकार मंडळींचा सल्ला ठरलेला: आधी मोझार्ट ऐका. मला हे पटत नाही. गजाननबुवा जोशी, दातार, जोग यांच्या व्हायोलिनवर ज्यांचा कान तयार झालाय, त्यांनी सरळ फिनलंडचा संगीतकार सिबेलिअस याच्या डी मायनर स्वरातल्या कॉन्चेर्टोला, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेला, हात घालावा.

कारण त्याची सुरुवातच. मोझार्टमध्ये आधी ऑर्केस्ट्रा सगळं मांडून घेतो, वादक तोवर उभा. इथे तंतुवाद्यं दबक्या आवाजात थरथरत असतात आणि चौथ्याच मापात (मात्रांच्या चौथ्याच गटात) एकटं व्हायोलिन येतं, तंबोरे जुळल्यावर गवयाने पहिला स्वर लावावा तसं. (पुढे मात्र राग शोधत बसू नका, स्वरांचं घर सारखं बदलतं.) शिवाय वादकाने एकट्याने वाजवायची जागा, म्हणजे कॅडेन्झा, एरवी पहिल्या भागाच्या शेवटाकडे येते. सिबेलिअसने ती मधोमध आणली आणि विस्ताराचं कामच तिच्यावर सोपवलं. बढत ऐकायची सवय असलेल्याला आणखी काय हवं?

सिबेलिअसला स्वतःला व्हायोलिनवादक व्हायचं होतं. १८९१ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकने चाचणीत नाकारलं. हा त्याचा एकमेव कॉन्चेर्टो. तो पहिल्यांदा तूच वाजवशील असं वचन त्याने व्हायोलिनवादक विली बुर्मेस्टरला दिलं होतं, पण पैशांची निकड होती, तारीख अलीकडे घेतली, आणि ८ फेब्रुवारी १९०४ला हेलसिंकीत व्हायोलिन घेऊन व्हिक्टर नोव्हाचेक उभा राहिला. त्याला ते पेललं नाही. मग काटछाट करून नवी आवृत्ती १९०५ मध्ये बर्लिनला झाली. संचालन रिचर्ड स्ट्राउसचं, व्हायोलिन कारेल हालीरचं. बुर्मेस्टर पुन्हा बाजूला! त्याने ही रचना जन्मात वाजवली नाही. त्याचा राग मला तरी रास्तच वाटतो.

मूळ आवृत्ती सिबेलिअसच्या घरच्यांनी बरीच वर्षं वाजवू दिली नाही. १९९०च्या सुमारास व्हायोलिनवादक कावाकोसने लाहटीच्या ऑर्केस्ट्राबरोबर ती ध्वनिमुद्रित केली. जरूर ऐका, पण कात्री लागली ते बरंच झालं असं माझं मत. पहिल्या भागात दोन-दोन कॅडेन्झा जड होतात.

व्हायोलिनवादक हायफेट्झचं १९३५चं ध्वनिमुद्रण सगळे सुचवतील. हात अफाट, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जरा सावकाश वाजवणारा कुणी बरा. मुंबईच्या एनसीपीए सभागृहातल्या कार्यक्रमात कधी हा कॉन्चेर्टो दिसला तर बाल्कनीचं स्वस्त तिकीट काढा. आणि पहिला भाग संपल्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या तर वाजवा. टाळ्या अगदी शेवटीच, असा रिवाज आहे, त्यामुळे शेजारचा डोळे वटारेल, वटारू दे.