रंग नाही दिला, मग?

आज नणंदबाई आल्या होत्या. बेडरूमच्या दारात उभं राहून त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, घरासाठी म्हणून एवढी सुट्टी काढलीस ना? मग केलंस काय?"

तेव्हा मी हसले. आता सगळे झोपलेत आणि मला काही झोप लागत नाहीये.

ती भिंत आत्ता उघडीबोडकी आहे, मान्य. पण त्याआधी तिथे काय होतं ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण पुढे कपाट होतं. कपाट सरकवायचं तर आधी रिकामं करायला हवं. त्यातून निघालं काय? कधीच्या काळच्या फोनचे चार्जर. जी यंत्रं घरात उरलीच नाहीत त्यांची माहितीपत्रकं. जपून ठेवलेल्या बिलांचा गठ्ठा, त्यातली निम्मी कोरी. तो थर्मल कागद असतो, त्यावरची अक्षरं उडून जातात. वॉरंटी मागायला गेलात तर कोरा कागद दाखवा! एका जुन्या फोनची बॅटरी फुगून टम्म झालेली. ती दाबायची नाही, टोचायची नाही आणि कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही, पेट घेते. हे सगळं निवडायला किती वेळ लागतो, ते एकदा करून बघा आणि मग मला विचारा.

आणि कपाटामागे भिंत. पोपडे, त्याखाली पांढरी भुकटी. लोणा. घरातल्या प्रत्येकाचं एकच म्हणणं, "खरवड, पुट्टी मार, रंग दे, सुट्टी संपायच्या आत मोकळे होऊ." रंगारीसुद्धा तेच म्हणाला. म्हणणारच, त्याला पुढच्या वर्षी परत बोलावणं येणार!

अहो, पाणी भिंतीतून बाहेर येतं, येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साचून रंगाला ढकलतात. वरून कितीही भारी वॉटरप्रूफ रंग फासा, पाणी दुसरीकडून वाट काढतं. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. मी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवला. खोलीच्या बाजूला थेंब जमले तर दमट हवेचा दोष, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी आतून. आतूनच होतं. मग रात्री सगळे नळ बंद केले, फ्लशलाही बंदी (यावरून घरात केवढं महाभारत झालं ते सोडा), आणि पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी आकडा सरकलेला. पलीकडे बाथरूम. भिंतीतल्या पाइपचा एक जोड झिरपत होता, कोण जाणे कधीपासून.

तो जोड बदलला. भिजलेला गिलावा काढला. आता भिंत वाळतेय. कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे, १ इंच जाडीला साधारण महिना. वारा खेळता असेल तर लवकर. माझी सुट्टी तेवढी नाही, कुणाचीच नसते. मग ओल्या भिंतीला रंग द्यायचा का, केवळ ताईंना दाखवायला?

हल्ली घरकाम म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. माझ्याकडे 'नंतर'चा फोटो 'आधी'पेक्षा वाईट आहे. त्यात एकसारख्या डब्यांची रांग नाही, नवे पडदे नाहीत, कोपऱ्यात कुंडी नाही. आणि ते डबे तरी काय, पसारा आहे तेवढाच, फक्त झाकण लावलेला!

ठीक आहे, नव्या रंगाने मन प्रसन्न होतं, नाही म्हणत नाही. भाड्याच्या घरात कुणी भिंत फोडत बसणार नाही, तेही खरं.

पण एक सांगते. त्या गोंधळात नवरा एका दुपारी जमिनीवर बसला आणि डब्यातले स्क्रू मापाप्रमाणे लावत राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. मी शेजारी बसून गंजके बाजूला काढत होते. बोललो फारसं नाही. किती दिवसांनी आम्ही दोघं फोनशिवाय एका जागी बसलो होतो. हे त्या भिंतीत दिसत नाही, आणि ताईंना सांगायचं तरी कसं. त्या मनाने वाईट नाहीत. जाताना जुने चार्जर ई-कचऱ्यात द्यायला स्वतःहून पिशवीत घालून घेऊन गेल्या. बॅटरी मात्र मीच नेऊन देणार आहे.

तरीही, पुढच्या वेळी प्रश्न जरा बदला. "केलंस काय" नको, "सापडलं काय" विचारा. सांगायला माझ्याकडे भरपूर आहे. चाव्यांचा एक जुडगा सापडलाय, कुठल्या कुलपांच्या ते घरात कुणालाच माहीत नाही. तो मी टाकणार नाहीये. कमेंटमध्ये सल्ले देऊ नयेत.