आधी हवा, मग हिरवळ
संगणकावर विमान उडवायचा सिम्युलेटर बनवताना निम्मी मेहनत ग्राफिक्सवर घाला, हा तुमच्या लेखातला सल्ला काही पटला नाही, भाऊ. फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरमध्ये जेएसबीसिम हा भाग लिफ्ट (पंखांना मिळणारी उचल), ड्रॅग (हवेचा अडथळा), वजन अन् इंजिनाचा जोर यांचं गणित साधारण सेकंदाला 120 वेळा मांडतो. पडद्यावरचं चित्र अडखळलं तरी हा हिशेब त्याच ठेक्यात चालला पाहिजे. आमच्या यवतमाळकडचं मे महिन्यातलं 45 अंश तापमान टाकून नागपूरच्या धावपट्टीवरून सेसना 172 हे छोटं विमान उडवून पाहा. तापलेली हवा विरळ, म्हणून विमान लांबवर धावतच राहतं, उचललं तरी रडतखडत चढतं. एवढं कोडमध्ये नसेल तर ढग-झाडं कितीही देखणी असोत, काय कामाची? बाकी लेख झकास. अन् राजेहो, ऑटोसेव्ह तेवढं ठेवा, खेड्यात लाइटीचा काही नेम नसतो!