बास्तिया नेमका कुणाच्या बाजूचा?

"फ्रेदेरिक बास्तिया हा फ्रेंच कारखानदारांनी पोसलेला लेखक. त्याला सरकारच नको होतं, आणि कामगारांचा तर तो वैरीच." एकोणिसाव्या शतकातल्या या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाबद्दल असा मजकूर बराच फिरतोय. एकेक घेऊ.

कारखानदारांनी पोसलेला? त्याची सर्वांत गाजलेली टवाळी कारखानदारांचीच आहे. १८४५ मध्ये त्याने मेणबत्तीवाले, दिवेवाले, तेलवाले यांच्या नावाने संसदेला एक बनावट अर्ज लिहिला. एक परका स्पर्धक बाजारात फुकटात प्रकाश ओततोय, आमचा धंदा बसला. तेव्हा कायदा करून सगळ्या खिडक्या, झरोके, फटी बंद करायला लावा. हा स्पर्धक म्हणजे सूर्य! वर शंका अशी की यामागे इंग्रजांचाच हात असणार, नाहीतर त्यांच्या बेटावर तो इतका बेताने का उगवतो? लिस्बनचं संत्रं पॅरिसच्या संत्र्याच्या निम्म्या भावात मिळतं ते ऊन फुकट आहे म्हणून. ते संत्रं तुम्ही अडवता, मग फुकटचा उजेड का सोडता, असा अर्जदारांचा बिनतोड सवाल. परदेशी मालावर भारी जकात मागणाऱ्यांचं सगळं तर्कशास्त्र त्याने त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. पोसलेला माणूस पोशिंद्याची अशी सालं काढत नाही. आणि त्याचं पोट चालायचं ते आजोबांकडून आलेल्या म्युग्रों गावच्या शेतीवर.

सरकार नको? १८३१ पासून तो स्वतः गावचा न्यायाधीश होता. एखादं सार्वजनिक काम लोकांच्या उपयोगाचं असेल तर सर्वांच्या पैशातून जरूर करा, असं तो म्हणे. 'लोकांना काम मिळावं म्हणून करा' म्हटलं की मात्र तो भडकायचा, कारण कराच्या रूपाने तोच पैसा दुसरीकडचं काम काढून घेतो.

राहिले कामगार. समाजवाद्यांशी त्याचं बिलकूल पटत नसे, हे खरं. समाजवादी विचारवंत प्रूधाँशी, व्याज घेणं योग्य की नाही यावरून, तो महिनोन्‌महिने भांडला. पण कामगारांनी एकजुटीने काम बंद ठेवणं हा तेव्हा फ्रान्समध्ये गुन्हा होता, आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये क्षयाने पोखरलेला बास्तिया त्या कायद्याविरुद्ध संसदेत बोलायला उभा राहिला. मीठ आणि दारूवरचा कर गरिबांच्या खिशातून जातो म्हणून त्यालाही त्याचा विरोध. एवढंच काय, ज्या समाजवादी पुढारी लुई ब्लाँच्या योजनांवर त्याने झोड उठवली, त्याच ब्लाँवर १८४८ मध्ये खटला भरायची वेळ आली तेव्हा बास्तियाने विरोधात मत दिलं.