एल निनो आला की कोल्हापूर कोरडं, ला निना आली की महापूर?

शिरोळपासून चंदगडपर्यंत गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. तो थोडक्यात असा: "पॅसिफिक महासागराचं पाणी तापलं की एल निनो. एल निनो आला की कोल्हापूर जिल्ह्यात दुष्काळ ठरलेला. पाणी गार झालं की ला निना, आणि ला निना म्हणजे महापूर. २०१९ आणि २०२१ बघा. हे सगळं जानेवारीतच कळतं, पण सांगत नाहीत. यंदा आडसाली उसाची लागण करू नका." खाली नेहमीचं 'पुढे पाठवा'.

सगळाच मजकूर खोटा असता तर वाचून सोडून दिला असता. पण पहिलं वाक्य बरोबर आहे, आणि त्याच्या आधारावर पुढची चारही खपून जातायत. म्हणून एकेक घेऊ.

"एल निनो आला की दुष्काळ ठरलेला"

एल निनो आणि आपला पाऊस यांचा संबंध आहे, यात वाद नाही. एरवी पॅसिफिकवरचे पूर्वेकडून येणारे वारे गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात. तिथे हवा वर चढते, ढग होतात. एल निनोत ते गरम पाणी आणि त्यावरचे ढग पॅसिफिकच्या मध्याकडे सरकतात आणि भारताच्या बाजूला हवा खाली बसायला लागते. खाली बसणारी हवा ढगांना वाढू देत नाही. या दूरच्या दोरीचं एक टोक शोधलं गेलं तेही भारतातल्या दुष्काळांमुळे. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर, १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर इथल्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सून का दगा देतो हे हुडकताना त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यातला हवेच्या दाबाचा वर-खाली होणारा खेळ सापडला.

१९७२ चा दुष्काळ एल निनोच्या वर्षातला. २००२ मध्ये देशाचा पाऊस १९ टक्के कमी, २००९ मध्ये २२ टक्के कमी, दोन्ही एल निनोची वर्षं. इथवर मजकूर लिहिणारा खूश होईल. मग १९९७ चं काय करायचं? विसाव्या शतकातल्या सर्वात जबर एल निनोंपैकी तो एक, आणि देशात पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. उलट बाजूनेही हिशेब बसत नाही. २०१२ च्या पावसाळ्यात एल निनो नव्हता, तरी माण, आटपाडी, जतची माणसं चारा छावण्यांत जनावरं घेऊन बसली होती.

एल निनोमुळे देशभराच्या, चार महिन्यांच्या पावसाची शक्यता घटते. 'ठरलेला' हा शब्द मजकूर लिहिणाऱ्याने पदरचा घातलाय.

"२०१९ आणि २०२१ ला निनाचे पूर"

हे तर नुसत्या तारखा पाहिल्या तरी कोसळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर होती. धोका पातळी ४३ फूट. शिरोलीला महामार्ग बंद, आंबेवाडी-चिखली रिकामी. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, अमेरिकेच्या हवामान संस्थेने जाहीर केलं की एल निनो संपला. ला निनाचा पत्ताच नव्हता. २०२१ मध्ये ला निना मे महिन्यातच संपली होती आणि पुन्हा आली ती ऑक्टोबरमध्ये. जुलैचा महापूर मधल्या काळातला, पॅसिफिक ना गरम ना गार असतानाचा. २०२४ च्या जुलैत पंचगंगेने धोका पातळी ओलांडली, तेव्हाही तीच स्थिती. आणि २०२२ मध्ये खरोखर ला निना होती, सलग तिसऱ्या वर्षी, तर २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर आला नाही.

काही जण आता हिंदी महासागराच्या डायपोलकडे, म्हणजे त्या महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या पाण्याच्या तापमानातल्या फरकाकडे वळलेत (पश्चिम जास्त गरम तर धन, पूर्व जास्त गरम तर ऋण). २०१९ मध्ये तो जबर धन होता, हे खरं. पण २०२१ च्या जुलैत तो ऋण होता आणि पाणी २०१९ पेक्षाही वर गेलं.

मग पूर कशाने येतो? आपल्याकडचा महापूर आठ-दहा दिवसांत घडतो. गुजरातपासून केरळच्या बाजूपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार होतो. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरात एखादं कमी दाबाचं क्षेत्र उठतं आणि ओडिशावरून मध्य प्रदेशाकडे चालायला लागतं. कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून त्याच्या दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या डोक्यावर, पश्चिमेचे वारे जोर धरतात. अरबी समुद्रावरून ओल घेऊन आलेले हे वारे सह्याद्रीवर जवळजवळ काटकोनात आदळतात. त्यांना वर चढण्यावाचून वाट नसते. गगनबावडा, दाजीपूर, राधानगरीला मग दिवसच्या दिवस उघडीप मिळत नाही. २०१९ मध्ये ६-७ ऑगस्टला ओडिशाच्या किनाऱ्यावर असंच एक खोल क्षेत्र होतं. जुलैअखेर धरणं भरत आलेली, जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली, त्यात हा मारा. २०२१ च्या २२-२३ जुलैला तर महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर वाढतो का, हा वाद वेगळा. तो साठवलेल्या पाण्याचा आहे, ढगांचा नाही.)

किनाऱ्याच्या पट्ट्याखेरीज उत्तर भारतावर मान्सूनचा एक वेगळा कमी दाबाचा पट्टा आडवा पसरलेला असतो. तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला की आपल्याकडे खंड पडतो. शिवाय विषुववृत्ताजवळून तीस ते साठ दिवसांनी पूर्वेकडे सरकत जाणारा ढगांचा मोठा टापू असतो. तो हिंदी महासागरावर आला की जोर, पुढे गेला की उघडीप. पाऊस झडींनी येतो हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस ही नावं उगाच पडलेली नाहीत.

२०२३ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच हंगामात दिसल्या. एल निनो जूनमध्ये जाहीर झाला. बिपरजॉय वादळाने मान्सूनची वाट अडवली, तो मुंबईला पोचायलाच २५ जून उजाडला. जुलैच्या शेवटी मात्र राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. लगेच पुढचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला. आता या वर्षाला मजकूरवाल्याने दुष्काळाच्या खात्यात टाकावं की पुराच्या?

"कोल्हापूर जिल्ह्यात"

कुठल्या कोल्हापुरात? गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त, शहरात हजाराच्या आसपास, शिरोळला पाच-सहाशे. वारा घाट चढताना पाणी टाकतो आणि पूर्वेला उतरताना कोरडा होत जातो. पाऊस वीस टक्क्यांनी घटला तरी गगनबावड्यात चार हजार उरतातच. हेच वीस टक्के शिरोळ-हातकणंगल्याच्या माळावरच्या सोयाबीन-भुईमुगाला भोवतात. पुराचं उलटं आहे. नृसिंहवाडीत चढणारं पाणी शिरोळच्या ढगांतून पडलेलं नसतं, ते घाटावरून कृष्णा-पंचगंगेने आणलेलं असतं. डोक्यावर आभाळ कोरडं आणि दारात पाणी, असंही होतं. जिल्ह्याला एक आकडा लावून 'दुष्काळ' किंवा 'महापूर' सांगणारा या जिल्ह्यात एकदा तरी एसटीने हिंडलाय का, असा प्रश्न पडतो.

"जानेवारीतच कळतं"

नाही कळत. मार्च ते मे पॅसिफिक आपली चाल बदलण्याच्या बेतात असतो, आणि त्याआधी केलेले अंदाज तिथेच अडखळतात. २०१७ च्या सुरुवातीला एल निनोची चर्चा होती. वर्षअखेर आली ला निना. आपलं हवामान खातं पहिला हंगामी अंदाज एप्रिलमध्ये आणि सुधारित मेअखेरीला देतं, ते यामुळेच.

"आडसाली लागण करू नका"

इथे मात्र मजकूर नुकसान करू शकतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लागतो आणि सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. म्हणजे त्याच्या आयुष्यात दुसरा पावसाळा पूर्ण येतो, आणि त्या दुसऱ्या पावसाळ्यात पॅसिफिक कसा असेल हे आज कुणालाच माहीत नाही. एल निनो साधारण वर्षभरात ओसरतो. २०२३ च्या जुलैत लावलेल्या उसाने २०२४ चा १०८ टक्के पावसाळा पाहिला. नदीकाठच्या उपसा योजनांवरच्या उसाला खरी भीती उन्हाळ्यातल्या उपसाबंदीची असते. ती राधानगरी, तुळशी, कासारी, कुंभी या धरणांत पावसाळा संपताना किती साठा उरला यावर ठरते. पिण्याचं पाणी आधी, ऊस नंतर. तो साठा ऑक्टोबरात पाटबंधारे खात्याकडे विचारता येतो. रोपलावण, खताचा डोस, सोयाबीनची काढणी यांसाठी हवामान खात्याचा दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज पुरतो. त्यातलेही पहिले दोन आठवडे भरवशाचे, पुढचे दोन जपून घ्यायचे.