‘एसीत बसून’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कारखान्यांसोबत संशोधन आणि डिझाइनही आपलंच हवं, असं मी ज्ञानाधारित अर्थव्यवस्थेवरच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक नाशिककर’ या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही लिहिता, “ज्ञानाधारित अर्थव्यवस्था वगैरे एसीत बसून सुचतं. आमच्या पोरांना आधी कारखाने द्या, ज्ञानाचं नंतर बघू.” शिवाय दक्षिण कोरियाशी तुलना गैरलागू, द्राक्षांचा इथे संबंध काय, आणि लेख फार लांब, हेही आहेच.

लेख लांब होता, मान्य. मतभेदाचंही वाईट वाटलं नाही. पण ‘एसीत बसून’ हे कशावरून ठरवलंत? ओळखता का मला?

माझं बालपण नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. वडील जॉबवर्क करायचे. ड्रॉइंग कंपनीचं, माल कंपनीचा, आमचा फक्त लेथ आणि अंगमेहनत. कूलंटचा वास कपडे धुतले तरी जायचा नाही. एका पार्टला आतल्या कोपऱ्यात सारखी चीर जायची. वडिलांनी तिथे रेडियस, म्हणजे थोडी गोलाई, द्यायला सुचवलं आणि रिजेक्शन थांबलं. थोड्या दिवसांनी कंपनीकडून सुधारित ड्रॉइंग आलं, त्यात तो रेडियस छापलेला. रेट मात्र जुनाच. पुढे दुसऱ्या कुणीतरी नगामागे काही पैसे कमी सांगितले आणि काम तिकडे गेलं. कारखाना होता की आमच्याकडे! ड्रॉइंग नव्हतं. आज नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत मी स्वतः फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवायची साधनं, डिझाइन करतो आणि रेट मी सांगतो. हे मला कुठल्या एसीने शिकवलेलं नाही.

देशांचंही असंच होतं. स्वस्त मजुरीमुळे मिळालेलं काम त्याहून स्वस्त मजूर मिळाला की उठून जातं. ‘आधी कारखाने’ म्हणता, तर कोरियाने ‘किस्ट’ ही संशोधन संस्था १९६६ साली काढली आणि ‘पॉस्को’ ही पोलाद कंपनी १९६८ साली. तेव्हा तो देश गरीबच होता. आज तो जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या आसपास रक्कम संशोधनावर घालतो, आपण पाऊण टक्कासुद्धा नाही. दोन्ही सोबत करायला हवं, हेच मी लिहिलं होतं. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आणि द्राक्षं? २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी त्या वर्षी घाम काय कमी गाळला होता? कुठल्या औषधाचा किती अंश चालेल, हे तिकडचे नियामक ठरवत होते. आजही ‘आरा’ ही परदेशी द्राक्षाची जात लावायची तर त्या जातीच्या मालकाला रॉयल्टी द्यावी लागते. जमीन आपली, पाणी आपलं, मजूर आपले, काडी मात्र परवान्याची.

बाकी मुद्द्यांत दम नाही, सोडून देतो. चर्चा करायची असेल तर मी आहेच. पण आधी स्वतःचं नाव घाला, आणि मी कुठे बसून लिहितो याची चौकशी बंद करा.